एसटीएम३२च्या अंतर्गत फ्लॅशमधील पेज पुसणे आणि वाचणे

‘ब्लू पिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोर्डावरील एसटीएम३२एफ१०३सी८ या मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये ६४ किलोबाइट फ्लॅश, म्हणजे वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी, असते. तिची सुरुवात ०८०००००० या हेक्स पत्त्यापासून होते आणि प्रत्येक पेज, म्हणजे एका वेळी पुसला जाणारा भाग, १ किलोबाइटचे असते. या चिपमध्ये वेगळी ईईप्रॉम (थोडे आकडे कायम जपणारी मेमरी) नाही, त्यामुळे कॅलिब्रेशनचे आकडे वीज गेल्यावरही टिकवायचे असतील, तर ०८००एफसी०० पासूनचे शेवटचे पेज त्यासाठी राखून ठेवणे सोयीचे पडते. मात्र आधी लिंकर स्क्रिप्टमध्ये (प्रोग्रॅम मेमरीत कुठे बसवायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) फ्लॅशची लांबी ६३ किलोबाइट करून घ्यावी; नाहीतर प्रोग्रॅम वाढत वाढत त्या पेजपर्यंत पोचला, की आपण आपलाच कोड पुसून बसू.

चुकून पुसणे-लिहिणे होऊ नये म्हणून फ्लॅशला कुलूप असते, पण वाचण्यासाठी ते उघडावे लागत नाही. पत्ता पॉइंटरमध्ये घालून रॅमसारखेच वाचता येते. पॉइंटर मात्र व्होलाटाइल जाहीर करावा, कारण एरवी कंपायलर आधी वाचलेली किंमत पुन्हा वापरू शकतो आणि पेज पुसले गेले असूनही जुनेच आकडे दिसत राहतात.

पुसण्याचे काम जास्त जपून करायचे आहे. आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर (चिपला ठोके देणारे घड्याळ) चालू असल्याची खात्री करावी. मग फ्लॅशच्या ‘की’ रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे चिपचे काम नियंत्रित करणारा खण) प्रथम ४५६७०१२३ आणि लगेच सीडीईएफ८९एबी या हेक्स किल्ल्या लिहाव्यात. क्रम चुकला, तर चिप रीसेट होईपर्यंत कुलूप उघडत नाही. त्यानंतर स्टेटस रजिस्टरमधील बीएसवाय (काम चालू असल्याचा) बिट शून्य असल्याचे पाहून कंट्रोल रजिस्टरमध्ये पीईआर (पेज पुसण्याचा) बिट लावावा, पेजचा पत्ता ॲड्रेस रजिस्टरमध्ये भरावा, एसटीआरटी (सुरुवातीचा) बिट लावावा आणि बीएसवाय पुन्हा शून्य होईपर्यंत थांबावे. शेवटी पीईआर काढून लॉक बिट लावावा.

एक पेज पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. त्या वेळात फ्लॅशमधून पुढची सूचना आणू पाहणारा प्रोसेसर अडकून राहतो, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) मात्र मोजतच असतो. म्हणून त्याची मुदत पुरेशी मोठी ठेवावी आणि सिरियल पोर्टवर डेटा येत असताना पुसायला घेऊ नये.

काम झाल्याच्या बिटावर विसंबून न राहता पूर्ण पेज वाचून पाहावे, असा माझा आग्रह आहे. पुसलेला प्रत्येक ३२ बिटांचा शब्द एफएफएफएफएफएफएफएफ असाच दिसला पाहिजे. २५६ शब्द तपासायला कितीसा वेळ लागतो! लिहिताना ही चिप एका वेळी १६ बिट घेते, आणि ती जागा आधी पुसलेली नसेल तर, शून्य लिहिण्याचा अपवाद वगळता, लिहिणे नाकारून पीजीईआरआर (लिहिण्यातील चुकीचा) बिट लावते.

उत्पादक एका पेजसाठी किमान १०,००० वेळा पुसण्याची हमी देतो. हा आकडा मोठा वाटतो, पण दर मिनिटाला पेज पुसून एक नोंद लिहिली, तर तो सात दिवसांच्या आतच संपतो. त्याऐवजी ८ बाइटच्या नोंदी एकापाठोपाठ एक लिहीत जाव्यात आणि १२८ नोंदींनी पेज भरल्यावरच ते पुसावे, म्हणजे तेच पेज सुमारे ८८८ दिवस पुरते. सुरू होताना पहिली कोरी जागा शोधावी. तिच्या आधीची नोंद ही सर्वांत ताजी असते. पुसणे आणि लिहिणे यांच्या मध्येच वीज गेली तर सर्व नोंदी जातात, त्यामुळे महत्त्वाच्या आकड्यांसाठी दोन पेजे आलटूनपालटून वापरावीत आणि नव्या पेजवरची नोंद वाचून पडताळल्याशिवाय जुने पेज पुसू नये.