पंचिंगसाठी कॉम्प्युटर घेताय? पैसे स्क्रीनवर घाला

दुकानात जाऊन ‘एम्ब्रॉयडरीचं डिझायनिंग करायचंय’ म्हटलं की समोरचा हमखास गेमिंगचा डबा पुढे सरकवतो. काचेची बाजू, आत लाल-निळे दिवे आणि भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. त्यातलं काहीही तुमच्या उपयोगाचं नाही. पंचिंग म्हणजे एम्ब्रॉयडरी मशीनसाठी कॉम्प्युटरवर चित्र टाक्यांत उतरवणं; शेवटी सगळे सुई कुठे पडणार त्याचे बिंदू. मशीनला द्यायच्या डीएसटी फाइलमध्ये एका टाक्याला ३ बाइट लागतात, वर सुरुवातीच्या माहितीचं ५१२ बाइटचं हेडर. म्हणजे २०,००० टाक्यांचा ब्लाऊजवरचा मोर जेमतेम ६० केबीचा. जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत असे वीसेक मोर मावायचे. त्यासाठी कोणी २ टीबीची डिस्क गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

आधी सॉफ्टवेअर ठरवा, डबा नंतर. विल्कॉम किंवा ब्रदरचं पीई-डिझाइन वापरणार असाल तर विंडोजच घ्या, मॅकच्या नादाला लागू नका. मॅक घरात आधीपासून असेल तर एम्ब्रिलियन्स किंवा फुकट मिळणारं इंकस्टिच चालेल; इंकस्टिच लिनक्सवरही चालतं. आणि पेनड्राइव्हवरून ‘क्रॅक’ (चोरीचं सॉफ्टवेअर) टाकून देणारा मित्र प्रत्येकाला असतो. तो अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, तिथेच काय ते ओळखा.

डब्याचं दोन ओळींत संपतं. कोअर आय-५ किंवा त्या तोडीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. ऑफिसांतून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉपही झकास चालतो, फक्त इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा घ्या. त्याआधीच्यावर विंडोज ११ रीतसर चढत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आता स्क्रीन. इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीला मला वाटायचं, जितकी मोठी तितकी चांगली. म्हणून मॉनिटरऐवजी ३२ इंची फुल एचडी टीव्ही आणून जोडला. डोळ्यांना आराम, मन खूश. पुढच्याच महिन्यात एका गणेश मंडळाच्या साठ टी-शर्टचं काम आलं. छातीवर छोटा गणपती आणि त्याखाली मंडळाचं नाव, शेवटचा शब्द ‘प्रतिष्ठान’. जागा कमी होती, अक्षरं ४ मि.मी. ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये १:१, म्हणजे खऱ्या मापात, करून पाहिलं, स्वच्छ वाचता येत होतं. सॅम्पल न काढता काम लावलं (ही चूक वेगळी, तिच्याबद्दल बायको अजून बोलते). पहिले सहा शर्ट उतरले तेव्हा ‘ष्ठा’च्या जागी काळ्या धाग्याची गाठ बसली होती.

झालं असं होतं की सॉफ्टवेअरने एका इंचात ९६ पिक्सेल धरले होते, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.२६ मि.मी. माझ्या टीव्हीचा पिक्सेल होता ०.३७ मि.मी.चा. त्यामुळे १:१ म्हणून मी जे बघत होतो ते जवळपास दीडपट मोठं होतं. ४ मि.मी.चं अक्षर मला साडेपाच मि.मी.चं दिसत होतं.

देवनागरीत हा फरक जीवघेणा ठरतो. ४० नंबरचा धागा साधारण ०.४ मि.मी. जागा खातो. म्हणजे ४ मि.मी.च्या अक्षराच्या अख्ख्या उंचीत धागे मावतात दहा. त्यातले दोन-तीन शिरोरेषेने घेतले. उरलेल्या सातांत ष चं पोट, त्यातली तिरकी काठी आणि खाली ठ चा गोल बसवायचा, शिवाय मध्ये कापड दिसलं पाहिजे. कसं दिसणार? इंग्रजी कॅपिटल अक्षरं या मापात कशीबशी तरून जातात, जोडाक्षरं नाही. माझा नियम आता पक्का आहे: जोडाक्षर असेल तर ७ मि.मी.च्या खाली ४० नंबरचा धागा नाही. फारच हट्ट असेल तर ६० नंबरचा, म्हणजे आणखी बारीक, धागा आणि ६५ ची बारीक सुई. नाहीतर गिऱ्हाइकाला सरळ ‘नाही’ म्हणायचं.

मग घ्यायचं काय? २४ इंची, फुल एचडी, आयपीएस मॉनिटर. त्याचा पिक्सेल ०.२७ मि.मी.च्या आसपास, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबाच्या अगदी जवळ. विंडोजचं स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवता येतं आणि टूलबारची चित्रंही दिसतात. २७ इंची हवा असेल तर २५६० बाय १४४० चाच घ्या. लहान लॅपटॉपवर फोर-के स्क्रीन म्हणजे शिक्षा: सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये आयकॉन तिळाएवढे होतात.

मॉनिटर कोणताही असो, घरी आणल्या दिवशी स्क्रीन कॅलिब्रेट करा, म्हणजे पडद्यावरचं माप खऱ्या मापाशी जुळवून घ्या. विल्कॉममध्ये त्याची सोय आहे: पडद्यावरचा चौकोन स्टीलच्या पट्टीने मोजायचा आणि आलेली रुंदी-उंची भरायची. प्लॅस्टिकची शाळेची पट्टी नको, तिची टोकं झिजलेली असतात. मग खातरजमा म्हणून २७ मि.मी. व्यासाचं वर्तुळ काढा, १:१ करा आणि त्यावर दहा रुपयांचं नाणं धरा. नाण्याचा व्यास २७ मि.मी.च आहे. कडेला कडा मिळाली पाहिजे. वर्तुळ अंड्यासारखं दिसत असेल तर रेझोल्यूशनच चुकलंय. मॉनिटर किंवा रेझोल्यूशन बदललं की हे सगळं पुन्हा करायचं.

रंग अचूक दाखवणाऱ्या महागड्या मॉनिटरवर मात्र एक रुपयाही घालू नका. डीएसटी फाइल रंग साठवतच नाही, फक्त ‘इथे रंग बदला’ एवढंच मशीनला सांगते. रंग धाग्याच्या शेडकार्डावरून ठरतो, तोही दिवसाउजेडी, दारात उभं राहून.

पेन टॅब्लेट? चित्र काढायला ठीक आहे. पंचिंगला माऊस. विल्कॉममध्ये डावं क्लिक म्हणजे कोपरा, उजवं म्हणजे वळण. दिवसाला हजारो क्लिक होतात. तेव्हा वायरचा, हाताला भरेल असा, उजवं बटण घट्ट नसलेला माऊस दुकानातच दाबून बघून घ्या.

यूपीएस हवाच. लाईट गेल्यावर फाइल सेव्ह करण्यापुरती दहा मिनिटं पुष्कळ झाली. मॉनिटरची वायरही त्यातच लावा, नाहीतर डबा चालू आणि पडदा काळा, अंधारात काय सेव्ह करणार? डबा मशीनच्या शेजारी ठेवू नका. धाग्याची बारीक लव पंख्यात जाऊन नमद्यासारखी बसते. मी एकदा उघडला तेव्हा पंखा फिरत होता पण हवा सरकत नव्हती.

शेवटी, डिझाइन मशीनपर्यंत नेणारा पेनड्राइव्ह. इथे उलटा न्याय आहे, मोठा घेतलात तर फसाल. जुन्या मशीन मोठा ड्राइव्ह ओळखत नाहीत. ४ किंवा ८ जीबीचा शोधा, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलचं नाव इंग्रजीत आणि आठ अक्षरांच्या आत ठेवा. ‘मोर नवीन फायनल २’ असं नाव दिलंत तर मशीनसमोर ऑपरेटर उभा राहील आणि फोन तुम्हाला येईल.