सेल कल्चरचं पहिलं वर्ष: स्वच्छ दिसणाऱ्या मीडियावर विसंबू नका

पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतून आणलेला हेला पेशींचा पहिला फ्लास्क मी स्वारगेट ते सांगली एसटीत मांडीवर धरून आणला. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण बाईंना न विचारता घेतलेल्या कर्करोगाच्या गाठीतून या पेशी वाढवल्या गेल्या. हे ठाऊक असल्यामुळे असेल, पण फ्लास्क हातात घेताना दडपण यायचं. ते यायलाच हवं.

पेशी लॅबमध्ये वाढवायला ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, डीएमईएम हा मीडिया म्हणजे पोषक द्रावण, १० टक्के सिरम हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी अडकले ते मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूत.

चार महिने वनस्पतींचे अर्क या पेशींवर तपासत होते. जिवंत पेशी मोजणाऱ्या एमटीटी चाचणीचे आकडे सोमवारी एक, गुरुवारी भलतेच. बुरशी असती तर कापसासारखे पुंजके दिसले असते. साधे जिवाणू असते तर मीडिया एका रात्रीत गढूळ होऊन पिवळा पडला असता. माझा मीडिया नितळ होता. फक्त, तीन दिवसांत पेशींनी भरणारा फ्लास्क पाच दिवस घेऊ लागला. सिरम बदललं, पेशी फ्लास्कपासून सोडवणारं ट्रिप्सिन बदललं, रात्री घरी येऊन रडले.

एका सीनियरने सांगितलं, पेनस्ट्रेप हे पेनिसिलिन असलेलं प्रतिजैविकांचं मिश्रण दुप्पट टाक. टाकलं. काहीच झालं नाही, आणि होणारही नव्हतं. पेनिसिलिन जिवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाही. मायकोप्लाझ्माला ती भित्तिकाच नसते. आकाराने इतका बारीक आणि लवचीक, की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. रोजच्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. पेशींना चिकटून त्यांचंच अन्न खातो आणि तुमचा प्रत्येक आकडा खोटा पाडतो.

शेवटी मिरजेच्या ओळखीच्या एका मॅडमनी होएक्स्ट हा डीएनएला चिकटणारा रंग लावून पेशी फ्लुरोसन्सखाली दाखवल्या. केंद्रक निळं दिसणारच, पण भोवती काळोख हवा होता. तिथे निळी धूळ सांडल्यासारखे ठिपके होते, म्हणजे मायकोप्लाझ्माचा डीएनए. शेजारच्या लॅबमधून ‘घे गं, छान वाढतात’ म्हणून मिळालेला फ्लास्क मी थेट आमच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला होता. मीडियाची बाटलीही तीच वापरली होती. त्यानंतरचे सगळे फ्लास्क, पेशींच्या गोठवलेल्या व्हायल म्हणजे कुप्यासुद्धा, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून टाकाव्या लागल्या.

म्हणून बाहेरून आलेला फ्लास्क, कुणीही दिलेला असो, वेगळा ठेवा. त्याची बाटली वेगळी, त्याचं काम दिवसाच्या शेवटी. मायकोप्लाझ्माची पीसीआर तपासणी झाल्याशिवाय आत घेऊ नका, आणि ती तपासणी पुढेही महिन्याला करा. हुड म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटासमोर बोलू नका. मायकोप्लाझ्माचा एक प्रकार, मायकोप्लाझ्मा ओराले, माणसाच्या तोंडातूनच येतो. आणि पेनस्ट्रेप कायम घालायची सवय लावून घेऊ नका. माझ्या मते ढिल्या हातावर पांघरूण घालण्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

गाइड निवडताना नाव बघू नका. तुमच्या शेजारी बसून, डोळा लावून फ्लास्क बघणारा माणूस शोधा.

बाकीच्या चुका सुधारतात. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं, पेशी गठ्ठ्याने सुटल्या, हात थरथरला, सगळं दोन-तीन महिन्यांत बसतं. पावसाळ्यात लाइट गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडू नका, आतली ऊब बराच वेळ टिकते.

दुसरा फ्लास्क पुण्याहून आणला तेव्हा तपासणी करून पहिल्याच आठवड्यात सहा व्हायल १० टक्के डीएमएसओ या पेशींना गोठताना जपणाऱ्या द्रवामध्ये, मिनिटाला एक अंश या गतीने गोठवल्या आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या. प्रत्येकीवर तारीख आणि पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये घातल्या तो आकडा. उरलेला फ्लास्क तिसऱ्या दिवशी सकाळी भरला होता.