देशी कोंबडीत रोगप्रतिकाराचे मार्कर शोधताय? या चुका टाळा

मार्कर म्हणजे रोगप्रतिकाराशी जोडलेली डीएनएतली खूण. तपासणीत जेलवर डीएनएचे पट्टे उमटले की काम फत्ते, असं वाटतं. पण निम्मा घोळ त्याआधीच, नवापूरकडच्या एखाद्या अंगणात झालेला असतो. बुसरा या तिथल्या देशी जातीचे म्हणून रक्त घेतलेले पक्षी एकाच खुडूक कोंबडीखालची भावंडं निघतात, नाहीतर त्यांत वनराजा-गिरिराजा या सुधारित जातींचं रक्त असतं. कडकनाथमध्ये तर रंगही दगा देतो: काळेपणाचं जनुक प्रभावी, त्यामुळे संकरित पिल्लंही काळी. कोंबडा कुठून आणला ते मालकाला विचारा आणि एका घरातून एक-दोनच पक्षी घ्या.

रक्तातून डीएनए काढताना तो चिकट होऊन कॉलम (गाळणीची नळी) तुंबतोय? कोंबडीच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, म्हणून थोड्या रक्तातही डीएनए भरपूर. गायी-म्हशींच्या हिशेबाने 200 मायक्रोलिटर रक्त घेऊ नका, 10 पुरे. रक्त न गोठू देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घ्या. हेपारिन हे दुसरं गोठणरोधक पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) अडवतं.

सर्वांत जास्त फसवतो तो एलईआय-0258. गुणसूत्र 16 वरच्या बी संकुलातला, म्हणजे रोगप्रतिकाराच्या जनुकांच्या गटातला हा मार्कर. तुकड्याची लांबी साधारण 182 ते 552 बेस. लांबी सारखी म्हणजे अलील (मार्करचं रूप) सारखा, हे गृहीत धरलं की संपलं. यात 13 आणि 12 बेसच्या दोन वेगळ्या पुनरावृत्ती असतात, आजूबाजूलाही बदल असतात. त्यामुळे क्रमवाचन हवंच. साध्या अ‍ॅगरोज जेलवर शेजारचे अलील वेगळे ओळखणं अवघड. आणि बहुतेक पक्षी समयुग्मी (दोन्ही अलील सारखे) दिसत असतील तर आनंदून जाऊ नका. लांब अलील वाढलेलाच नसेल. पीसीआरमध्ये एक्स्टेन्शनचा (नवी साखळी वाढण्याचा) वेळ वाढवून पाहा.

बी संकुलाचा बी-21 हा प्रकार मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाला दाद देत नाही आणि बी-19 बळी पडतो, हे प्रामुख्याने लेगहॉर्न या विदेशी जातीच्या वंशांतून कळलं. बुसरात बी-21 सापडला, एवढ्यावरून ती मॅरेक्सला पुरून उरते असं लिहिणं मला घाईचं वाटतं. आधी रोगाची नोंद हवी.

विषाणूंशी लढणाऱ्या एमएक्स जनुकाचंही तसंच. 631 व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजीन असलेलं प्रथिन प्रयोगशाळेतल्या पेशींत फ्लूच्या विषाणूला रोखताना दिसलं. जिवंत पक्ष्यांतले निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. भारतातला एच5एन1 बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006 मध्ये याच नवापुरात झाला, तेव्हा ‘बर्ड फ्लू-प्रतिरोधक बुसरा’ हा मथळा तिथे तरी नको. शिवाय आरएफएलपीत, म्हणजे एन्झाइमने डीएनए कापून अलील ओळखण्याच्या पद्धतीत, एन्झाइमने अर्धवट कापलं तर समयुग्मी पक्षीही विषमयुग्मी दिसतो. प्रत्येक खेपेला जीनोटाइप (अलीलची जोडी) माहीत असलेला नमुना सोबत चालवा.

मार्कर कुठलाही निघो, मालकाला राणीखेतची लासोटा लस थांबवायला सांगू नका.