लाकडी धनुष्य घडवताना का मोडतं? या चुका टाळा

धनुष्य मोडलं की दोन्ही तुकडे घेऊन उजेडात बसा. वाईट वाटतंच, कित्येक दिवसांची मेहनत एका 'कडाड'मध्ये गेलेली असते. पण तुकडे फेकण्याआधी मोडलेली जागा नीट पाहा. लांब, तंतुमय कुसळं निघाली असतील तर लाकूड दमदार होतं, त्यावर झेपण्यापलीकडे ताण आला. काकडी मोडावी तसा आखूड, साफ तुकडा पडला असेल तर लाकूडच ठिसूळ होतं: कुजायला लागलेलं किंवा वाजवीपेक्षा जास्त सुकलेलं. आणि मोड तिरकी सरकत एका कडेला बाहेर पडली असेल, तर घडवताना लाकडाचे रेशे मध्येच कापले गेले होते.

पुढचं समजायला दोन शब्द पक्के हवेत. लक्ष्याकडची बाजू म्हणजे धनुष्याची पाठ आणि आपल्याकडची, दोरीकडची बाजू म्हणजे पोट. ओढताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. १५४५ साली बुडालेली 'मेरी रोझ' ही इंग्लिश युद्धनौका १९८२ साली समुद्रातून वर काढली. तिच्यावर यू नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली. त्यांच्या पाठीला सालीलगतचं फिकट लाकूड आहे, ते ताण चांगला सोसतं. पोटाला गाभ्याचं गडद लाकूड आहे, ते दाब सोसतं. या दोन्ही बाजू बिघडतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने, आणि दोन तुकडे होण्याची सुरुवात बहुतेक वेळा पाठीवरच होते.

पाठीचं वलय तोडू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त धनुष्यं इथेच मोडतात. पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड वार्षिक वलय असायला हवं. ओक, ॲश यांसारख्या लाकडात प्रत्येक वलयाचे दोन थर असतात: वाढीच्या सुरुवातीचा सच्छिद्र आणि नंतरचा घट्ट. वरची वलयं काढत खाली जाताना कान उघडे ठेवा. सच्छिद्र थरावर हत्याराचा आवाज खरबरीत, चुरचुरीत येतो. घट्ट थर लागला की आवाज गुळगुळीत होतो आणि लांब सालपट सुटतं. तिथे थांबायचं. उजेड एका बाजूने तिरका पडू द्या. पाठीवर कुठे नकाशातल्या डोंगरासारखी लंबगोल वर्तुळं दिसली तर तिथे वलय कापलं गेलंय. मग एक वलय खाली जाऊन पुन्हा सगळी पाठ काढावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून चालत नाही.

काही लाकडांत सालीखालचा पृष्ठभाग हीच तयार पाठ असते. तिथे फक्त साल काढा आणि पाठीवर हत्यार चालवू नका. बाजारातली फळी वापरत असाल तर रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावणारीच घ्या. चपट्या अंगावर आणि कडेवर, दोन्हीकडे पाहा. मध्येच कडेबाहेर निघून जाणारी रेषा दिसली तर ती फळी दुसऱ्या कामाला ठेवा.

पाठीच्या कडा टोकदार सोडणं ही याचीच धाकटी चूक. माझं एक धनुष्य मुठीपासून वीतभर अंतरावर मोडलं. तुकडे जुळवून पाहिले, तर कडेवर करवतीची एक खाच होती, नखाएवढीसुद्धा नाही. तडा बरोबर तिच्यातून निघाला होता. तेव्हापासून पहिली ओढ घेण्याआधी पाठीच्या दोन्ही कडा गोलसर करतो आणि कानशीचे आडवे ओरखडे पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने घासून पूर्ण घालवतो.

गाठीभोवती रेशे वळसा घालून जातात. म्हणून गाठ कडेला आली तर कड तिथे फुगीर ठेवा. सरळ रेघ मारून कापलीत की वळसा तुटला.

ओलावा आणि लांबी

ओलावा साधारण ८ ते १० टक्के असलेलं लाकूड कामाला चांगलं. ६ टक्क्यांच्या खाली गेलं की ठिसूळपणा वाढतो. ओलं लाकूड सहसा मोडत नाही, पण वाक धरून बसतं आणि धनुष्य मरगळतं. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर फाडीचं (ओंडक्यातून फाडून काढलेल्या लाकडाचं) दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की ते लाकूड त्या जागेच्या हवेइतकं सुकलं. ओंडका कापल्याबरोबर दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावा, नाहीतर टोकं आधी सुकून उभ्या भेगा पडतात. भट्टीत घालून घाईने सुकवू नका.

लांबीचा हिशेब सोपा आहे: ओढ, म्हणजे पूर्ण ताणल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, दुप्पट करा आणि त्यात न वाकणाऱ्या मुठीची लांबी मिळवा. २८ इंची ओढीला ५६ अधिक मुठीचे ८ ते १०, म्हणजे ६४ ते ६६ इंच. पहिलंच धनुष्य असेल तर आणखी दोन-चार इंच राहू द्या.

वाक बसवताना घाई नको

लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी १० टक्के कमी केली की ताठपणा जवळपास २७ टक्के कमी होतो. म्हणून शेवटी शेवटी रंध्याचा एक जादा हात धनुष्य बिघडवायला पुरतो. या टप्प्यावर रंधा बाजूला ठेवा आणि खरवडून काम करा.

आधी टोक जमिनीवर टेकवून हलकं दाबून पाहा. दोन्ही बाहू (मुठीच्या दोन बाजूंचे वाकणारे भाग) सारखे वाकू लागले की लांब, सैल दोरी लावून काही इंचच ओढा. लाकूड काढलं की प्रत्येक वेळी तेवढ्याच ओढीवर वीस-तीस वेळा ओढून सोडा. काढल्याचा परिणाम त्याशिवाय उमटत नाही. दोरी ओढायला किती पौंड जोर लागतो ते दाखवणारा ताणकाटा लावा. ४० पौंडांचं धनुष्य हवं असेल तर घडवताना कधीही ४० पौंडांच्या पुढे ओढू नका, मग ओढ १५ इंचांवर असली तरी. आणि वाकात दोष दिसत असताना 'बघू कसं दिसतं' म्हणून एक इंचही पुढे जाऊ नका.

एक जागा जास्त वाकतेय हे नुसत्या डोळ्याला उशिरा कळतं. चार-पाच इंचांचा सरळ ठोकळा दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावरून सरकवत न्या. त्याच्याखालची फट जिथे मोठी होते तिथे वाक जास्त. त्या जागेवर पेन्सिलने फुली मारा आणि तिला पुन्हा हत्यार लावू नका. लाकूड तिच्या दोन्ही बाजूंनी काढा. भार चार-पाच पौंडांनी उतरेल. उतरू द्या. ठरवलेल्या आकड्याच्या हट्टापायी चांगली धनुष्यं मोडलेली मी पाहिली आहेत.

पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर तिथे लाकूड दाबाने चुरतंय. उपाय तोच: आजूबाजूचं लाकूड काढून वाक पसरवा. रेघा वाढत गेल्या तर ते धनुष्य हलक्या ओढीवरच वापरा.

ओढताना धनुष्य तोंडासमोर धरू नका. भिंतीवर मूठ टेकवायचा आधार करा, दोरी कप्पीवरून घ्या, बाजूला उभे राहून ओढा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

'टिक्' ऐकू आलं तर

तिथल्या तिथे थांबा, दोरी उतरवा. पाठीवरून कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा. सल उठली असेल तिथे कापूस अडकतो. बारीक सल असेल तर पातळ सुपर ग्लू आत जिरवा, दाबून धरा, सुकल्यावर वरून पक्का दोरा गुंडाळून तोही गोंदात भिजवा. लांबीच्या दिशेने जाणारी, कडेबाहेर न पडणारी सुकण्याची भेग सहसा घात करत नाही. ती गोंदाने भरली की पुरे. पाठीवर आडवा तडा असेल तर मात्र त्या धनुष्यावर पुन्हा दोरी चढवू नका.

पाठीला कापड किंवा कच्चं कातडं चिकटवलं की उठणारी सल दबून राहते, पण तुटलेलं वलय त्याने जुळत नाही. बांबूची पट्टी ताणाला फार मजबूत असते, इतकी की पोटाचं लाकूड नरम असेल तर तेच चुरतं.

तयार धनुष्य बाण न लावता कधीही सोडू नका. बाणाबरोबर जाणारी शक्ती सगळी लाकडातच परत येते. लांब हातांच्या मित्राला देताना किती इंचांपर्यंत ओढायचं ते आधी सांगा.

आणि एकच बाहू मोडला असेल, दुसरा धड असेल, तर तो जपून ठेवा. तशाच जातीचं, तेवढंच सुकलेलं दुसरं लाकूड मिळालं की मुठीत दातेरी सांधा घालून दोन्ही जोडता येतात. सांधा मुठीतच घ्यायचा, कारण धनुष्य तिथे वाकत नाही.