सॅली रूनीचं 'कॉन्व्हर्सेशन्स विथ फ्रेंड्स' अर्धवट न सोडता कसं वाचायचं

पहिल्या खेपेला मी हे पुस्तक साठेक पानांवरच सोडलेलं, कारण कोण बोलतंय तेच कळेना. २०१७ ची कादंबरी, डब्लिनमधली २१ वर्षांची फ्रान्सिस, तिची आधीची गर्लफ्रेंड आणि आता जिवलग मैत्रीण बॉबी, आणि निक-मेलिसा हे वयाने मोठं जोडपं. फ्रान्सिसचं निकशी जमतं. बास, एवढंच. आता पुढे काय होणार म्हणून वाचायला बसलात तर बोअर व्हाल.

आधी अवतरणचिन्हांचं बघू. ती नाहीतच, संवाद सरळ वाक्यात मिसळलेत. पहिली दोन-तीन प्रकरणं ओठ हलवत वाचा, हसू नका, खरंच उपयोग होतो, मग बॉबीचा आवाज कानात बसतो आणि ती बोलायला लागली की आपोआप कळतं. मेल आणि चॅट मात्र भराभर उरकू नका, तोंडावर जे बोलायची हिंमत नाही ते ही मंडळी टाईप करतात.

आता मेन गोष्ट. फ्रान्सिसचं सगळं खरं धरू नका. सगळं तीच सांगते, आणि आपल्याला कशानेच काही फरक पडत नाही हा तिचा आव शेवटपर्यंत सुटत नाही. दुसऱ्या वेळी मी पेन्सिल घेऊन बसले, जिथे ती अशी थंडपणे बोलते तिथे तिचं शरीर काय करतंय तेवढंच अंडरलाईन करत गेले. स्वतःला नखं रुतवणं, मरणाची पोटदुखी, रक्त, हॉस्पिटल, सोनोग्राफी, आणि शेवटी निघतं काय तर एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो दुखरा आजार. आणि हे ती निकला कितीतरी दिवस सांगतच नाही! कपडे काढायला लाज नाही पण दुखतंय म्हणायला लाज, माझ्या मते अख्खं पुस्तक इथेच आहे, अफेअर नुसतं निमित्त.

पैशांवरही लक्ष ठेवा. बाई स्वतःला कम्युनिस्ट म्हणवते, राहते काकाच्या फ्लॅटमध्ये, खर्चाचे पैसे दारुड्या बापाकडून येतात ते पण मध्येच बंद होतात, आणि जेवायला जाते निक-मेलिसाच्या त्या मोठ्या घरात. ती तिथे कशाकशाकडे बघते ते बघा.

मेलिसाला लगेच खडूस ठरवून मोकळे होऊ नका, दुसऱ्या भागात तिचा एक लांबलचक मेल आहे. मी तो दोनदा वाचला आणि तिथेच पार्टी बदलली. निकबद्दल काय बोलू, देखणा आहे बिचारा.

२०२२ ची १२ भागांची सिरीज नंतर बघा, नाहीतर फ्रान्सिसच्या डोक्यातली बडबड तुम्हाला नटीच्या चेहऱ्यावर शोधत बसावी लागेल. आणि शेवटी एक फोन येतो, ते प्रकरण झोपायच्या आधी 'थोडंसंच' म्हणून उघडू नका, चहा घेऊन बसा आणि एका दमात संपवा, चहा गार होईल ते धरूनच चाला.