वाळवलेले मटण पावसाळ्यात टिकवताना: ऑक्सिजन शोषक पुडीचा योग्य वापर

कोल्हापुरात ‘सुके मटण’ म्हटले की तांबड्या-पांढऱ्या रश्शाशेजारी वाढलेले सुके डोळ्यांपुढे येते. येथे मी लिहीत आहे ते खरोखरीच वाळवलेल्या मटणाविषयी, म्हणजे बिनहाडाच्या मटणाच्या पातळ पट्ट्या कापून, मीठ-तिखट लावून कडक वाळवलेल्या आणि पाकिटात भरून ठेवलेल्या. मराठवाड्यात अशा पट्ट्यांना चान्या म्हणतात. माझा धाकटा दीर सैन्यात आहे. सुट्टी संपवून निघताना त्याच्या ट्रंकेत काहीतरी घरचे द्यावे, एवढ्यासाठी मी हे मटण करू लागले, आणि पहिल्याच वर्षी पाकिटे खवट निघाल्यामुळे त्यातल्या ऑक्सिजन शोषणाऱ्या छोट्या पुडीचा नीट अभ्यास करणे मला भाग पडले.

या पुडीत मुख्यतः लोखंडाची बारीक भुकटी असते. सोबत थोडे मीठ, सक्रिय कोळसा आणि ओलावा धरून ठेवणारे एखादे खनिज असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला तिचे कार्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात यंत्राखाली पडून राहिलेला लोखंडाचा कीस पाहता पाहता तांबूस होतो, तेच बंद पाकिटात मुद्दाम घडवून आणलेले असते. गंजताना लोखंड हवेतील ऑक्सिजन घेते, आणि १ ग्रॅम लोखंड पूर्ण गंजले तर सुमारे ३०० घन सेंटिमीटर ऑक्सिजन संपतो. जपानमधील मित्सुबिशी गॅस केमिकल या कंपनीने १९७७ मध्ये ‘एजलेस’ या नावाने अशा पुड्या बाजारात आणल्या आणि तेव्हापासून सुकामेवा, फरसाण, वाळवलेले मांस यांच्या पाकिटांत त्या सर्रास दिसू लागल्या. पाकीट चांगले आणि पुडी पुरेशी असेल, तर आतील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ०.१ टक्क्याच्याही खाली येतो. मग चरबी खवट होण्याची गती फार मंदावते, बुरशीला वाढता येत नाही, आणि सुकवलेल्या मांसाला लागणारे किडे व त्यांच्या अळ्या काही दिवसांत मरतात.

परंतु पुडी मटण वाळवत नाही, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. अर्धवट वाळलेले मटण उघड्या डब्यात ठेवले तर त्यावर बुरशी येते, आपल्याला ती दिसते आणि आपण ते फेकून देतो. त्याच मटणाच्या पाकिटात पुडी घातली तर बुरशी येत नाही, पट्ट्या दिसायला उत्तम राहतात. मात्र ऑक्सिजन नसलेल्या ओलसर जागेतच वाढणारा क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू तेथे आपले प्राणघातक विष तयार करू शकतो, आणि त्याचा वास किंवा चव येईलच असे नाही. थोडक्यात, धोक्याची सूचना देणारी बुरशी आपण स्वतःच्या हाताने थांबवलेली असते. म्हणून मटण पुरते वाळले आहे याची खात्री नसेल, तर पुडी घालूच नये.

वाळवण्यासाठी मांडीचे, शक्य तितके बिनचरबीचे मटण घ्यावे. खाटकाला आधीच सांगितले तर तो चरबी व पांढरे पापुद्रे काढून देतो. तरी घरी आणल्यावर पुन्हा एकदा सुरी फिरवावी, कारण चरबी वाळत नाही आणि खवटपणाची सुरुवात तिच्यापासूनच होते. मटण फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवून घेतले की ५ मिलिमीटर जाडीच्या सारख्या पट्ट्या सहज कापता येतात. वाळवण्यापूर्वी पट्ट्या शिजवणे आवश्यक आहे. मांसाच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस तापमान यायला हवे, आणि कोंबडीच्या मांसासाठी ७४ अंश. आपल्याकडे हे काम जड नाही. हळद-मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पट्ट्या सोडाव्यात, थर्मामीटरने खात्री करून निथळून घ्याव्यात, आणि मागे राहिलेले पाणी (आमच्याकडे त्याला आळणी पाणी म्हणतात) त्या दिवशीच्या पांढऱ्या रश्शाला वापरावे.

मसाल्याबाबत एक इशारा देणे मला गरजेचे वाटते. आपली घरची कांदा-लसूण चटणी कितीही प्रिय असली तरी या पट्ट्यांना ती लावू नये. तिच्यातील तेल आणि खोबरे लवकर खवट होतात, कांदा-लसणाचा ओलावा मटणात उतरतो, आणि पुडीच्या वेष्टनाला तेल लागले की तिची हवा घेण्याची छिद्रे बुजतात. कोरडी मिरचीपूड, मीठ, धणे-जिऱ्याची पूड एवढेच पुरे. चटणी खाताना सोबत घ्यावी.

वाळवण्याचे यंत्र ६० अंशांच्या आसपास स्थिर ठेवावे. १ किलो कच्च्या मटणापासून साधारण २०० ते २५० ग्रॅम कडक वाळलेले मटण उरते, त्यामुळे आधी आणि नंतर वजन करणे ही सोपी आणि खरी परीक्षा आहे. दुसरी परीक्षा हाताची. एक पट्टी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि दोन्ही टोकांना धरून वाकवावी. तिला तडा जावा आणि तड्यात कोरडे तंतू दिसावेत; वातड रबरासारखी नुसती वाकली किंवा दाबल्यावर बोटाला ओल लागली तर ती परत वाळवायला ठेवावी. कधी कधी आच जास्त झाल्याने बाहेरचा थर कडक होतो आणि आत ओल तशीच अडकते. हे ओळखण्यासाठी पट्ट्या काचेच्या कोरड्या बरणीत झाकण लावून एक दिवस फ्रीजबाहेर ठेवाव्यात. आतून काचेवर बाष्प धरले, तर वाळवण अपुरे झाले आहे असे समजावे. विक्रीसाठी माल करणाऱ्यांनी मात्र हातावर विसंबून राहू नये. अन्नतपासणी प्रयोगशाळेत मालाची जलसक्रियता (म्हणजे जिवाणूंना वापरता येईल असे पाणी मालात किती आहे, याचे ० ते १ मधले माप) मोजून घ्यावी आणि ती ०.८५ किंवा त्याहून कमी असल्याशिवाय पाकिटे बंद करू नयेत.

पाकिटाची निवड पुडीइतकीच महत्त्वाची आहे. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून पाणी झिरपत नसले तरी ऑक्सिजन हळूहळू आत येत राहतो, आणि पुडी तो शोषत शोषत संपून जाते. आत अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले, उष्णतेने चिकटवता येणारे पाऊच घ्यावे. रबराची कडी असलेली घट्ट झाकणाची काचेची बरणीही चालते. आपला स्टीलचा डबा चालत नाही, कारण त्याचे झाकण हवाबंद नसते.

पुड्या त्यांच्या शोषणक्षमतेनुसार मिळतात: ५० सीसी (घन सेंटिमीटर, म्हणजेच मिलिलिटर), १०० सीसी, २०० सीसी, ५०० सीसी इत्यादी. कोणती घ्यावी हे अंदाजाने ठरवू नये, कारण हिशेब अगदी सोपा आहे. एक रिकामे पाऊच नेहमीइतके फुगेल असे पाण्याने भरावे आणि ते पाणी मापात ओतावे. समजा ५०० मिलिलिटर भरले. त्यात १०० ग्रॅम मटण ठेवायचे असेल तर ते ढोबळमानाने १०० मिलिलिटर जागा घेते, म्हणजे हवा ४०० मिलिलिटर उरते आणि तिच्यातील ऑक्सिजन २१ टक्क्यांप्रमाणे ८४ मिलिलिटर होतो. येथे १०० सीसीची पुडी लागते. १ लिटरच्या पाऊचमध्ये २५० ग्रॅम मटण असेल तर ऑक्सिजन सुमारे १५८ मिलिलिटर होतो आणि २०० सीसीची पुडी घ्यावी लागते. क्षमता जास्त झाल्याने मटणाचे काही बिघडत नाही. कमी पडली तर सगळी मेहनत वाया जाते.

माझी पहिली पाकिटे बिघडली ती दोन चुकांमुळे. एक तर पिशव्या साध्या होत्या. दुसरे म्हणजे, दुकानदाराच्या सांगण्यावरून मी प्रत्येक पिशवीत सिलिका जेलची पुडीही टाकली होती. सिलिका जेल ओलावा ओढते, आणि लोखंड गंजण्यासाठी ओलावा लागतो. म्हणजे एका पुडीने दुसरीचे काम अडवले. भाद्रपदात पिशवी फोडली तेव्हा जुन्या तळणाच्या तेलासारखा वास आला आणि राहिलेल्या चरबीच्या कडा पिवळ्या पडलेल्या होत्या. तेव्हापासून या दोन पुड्या मी कधीही एकत्र ठेवत नाही, आणि कोणी ठेवू नयेत असे आग्रहाने सांगते.

प्रत्यक्ष भरताना घाई हवी, पण गोंधळ नको. पुड्यांचे मोठे पाकीट फोडल्या क्षणापासून त्या काम करू लागतात, म्हणून सर्व पाऊच आधी मटण भरून, ओळीने मांडून, सीलर तापवून तयार ठेवावेत. एकेका पाऊचच्या तोंडाची मसाल्याची धूळ कोरड्या कापडाने पुसावी, कारण तिखटाचा एक कण अडकला तरी जोड कच्चा राहतो. पुडी टाकावी, हाताने हवा दाबून काढावी, सील करावे आणि अर्ध्या सेंटिमीटरवर दुसरे सील मारावे. हे सर्व १५ ते २० मिनिटांत उरकेल एवढ्याच पुड्या काढाव्यात. उरलेल्या लगेच लहानशा काचेच्या बरणीत गच्च बंद कराव्यात. ताजी पुडी बोटांत धरली की आतील भुकटी मऊ, सुटी लागते. ती घट्ट गोळा झालेली किंवा हातात गरम लागली तर तिचे काम तुमच्या आधीच सुरू झालेले आहे. ती वापरू नये. पाकिटासोबत रंग बदलणारी सूचक गोळी असेल तर ती गुलाबी असायला हवी. निळी किंवा जांभळी झाली म्हणजे ऑक्सिजन शिल्लक आहे.

बंद केलेली पाकिटे दोन दिवस घरातच, साध्या तापमानाला ठेवावीत, कारण थंडाव्यात गंजण्याची क्रिया मंदावते. दुसऱ्या दिवशी पाऊच थोडे आत ओढलेले दिसते. ते निर्वात पाकिटासारखे मटणाला चिकटेल अशी अपेक्षा ठेवू नये. हवेतील सुमारे ७८ टक्के नायट्रोजन तसाच आत राहतो. ही मला सोयच वाटते, कारण निर्वात पाकिटात कडक पट्ट्यांची टोके पाऊचला आतून भोके पाडतात. एखादे पाऊच ढिले राहिले असेल तर जोड तपासून, नवी पुडी घालून पुन्हा सील करावे. पुढे कधीही पाऊच फुगलेले दिसले तर ते चव न घेता, न उघडता टाकून द्यावे.

घरी केलेले मटण एवढी काळजी घेऊनही मी दोन महिन्यांपलीकडे बाहेर ठेवत नाही, कारण माझ्याकडे जलसक्रियता मोजण्याचे साधन नाही. अधिक काळासाठी सीलबंद पाऊच तसेच फ्रीझरमध्ये ठेवते. प्रत्येक पाऊचवर भरल्याची तारीख, पुडीचे माप आणि ‘आतील पुडी खाऊ नये’ अशी सूचना लिहावी. विकायचे असेल तर एफएसएसएआयचा (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आणि मांसाहाराचे तपकिरी चिन्हही आवश्यक आहे. पाऊच एकदा फोडले की पुडी बाहेरची हवा पिऊन काही वेळातच निकामी होते. ती काढून कचऱ्यात टाकावी, मायक्रोवेव्हमध्ये चुकूनही जाऊ देऊ नये, आणि राहिलेले मटण झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे. दिराच्या पाकिटांत मी म्हणूनच ५० ग्रॅमच भरते. चौघांनी वाटून घेतले की एका बैठकीत पाऊच रिकामे होते.