किनाऱ्यावरच्या वस्तीचं सांडपाणी: या चुका टाळा

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून पाणी गढूळ सुटायला लागलं की पहिला संशय ब्लोअरवर, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रावर जातो. किनाऱ्यावर त्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा. पाऊस नसताना पंप जास्त वेळ चालतोय आणि तोही नेमका भरतीला, तर समुद्र तुमच्या वाहिनीत शिरलाय असं समजा.

खात्री करून घ्यायची तर रात्री दोन-अडीचला, सगळी घरं झोपलेली असताना, उधाणाच्या भरतीला चेंबरचं, म्हणजे वाहिनीवरच्या तपासणीच्या खड्ड्याचं झाकण उघडा. त्या वेळी तळाशी बारीक धार असायला हवी. ती खळाळत असेल, भिंतीच्या फटीतून नितळ पाणी पाझरत असेल, तर नमुना घेऊन त्याची विद्युत वाहकता मोजा (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) आणि ओहोटीच्या नमुन्याशी ताडून बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे थोडी मिसळ झाली तरी आकडा उडी घेतो. टाकीत सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना खारटपणाची हळूहळू सवय होते. त्यांना मारतो तो सततचा चढउतार. मग गाळ नीट बसत नाही आणि पाणी गढूळच राहतं. इथे नवा ब्लोअर आणून पैसे घालवू नका, गळके सांधे आणि चेंबरच्या भिंती आधी बुजवा. समुद्रात सोडलेल्या पाइपच्या तोंडाची एकदिशा झडपही तपासा. तिच्यावर कालवं चिकटली की ती अर्धवट उघडी राहते आणि भरती उलटी आत येते.

दुसरी चूक शोषखड्ड्याची. वाळूत पाणी झटकन मुरतं म्हणून लोक निश्चिंत होतात, पण मुरलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही. खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये दीड-दोन मीटर तरी कोरडी जमीन हवी, जंतू अडतात ते तिथेच. ही पातळी उन्हाळ्यात मोजून चालत नाही. भर पावसाळ्यात, भरतीला मोजा. तेवढं अंतर मिळत नसेल तर खोल खणण्याऐवजी वाळूचा उंचवटा करून पाणी त्यात मुरवा. नाहीतर तेच पाणी शेजारच्या विहिरीत जातं, आणि ते पिणाऱ्याला कळतही नाही.

सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायलाच हवा, पण भूजल वर आलेलं असताना नाही. रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, होडीसारखी वर उचलली जाते आणि जोडलेले पाइप तुटतात. कोरड्या दिवसांत उपसा आणि लगेच साध्या पाण्याने भरा.

गढूळ पाण्यावर क्लोरीनचा मारा करणं ही तर पळवाट आहे. जंतू गाळाच्या कणांआड सुरक्षित राहतात, उरलेला क्लोरीन मात्र माशांना भोवतो. कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्यांच्या अंगात सांडपाण्यातले विषाणू साठतात आणि तेच ताटात येतात.

सगळ्यात जिवावरची चूक म्हणजे वास येत नाही म्हणून चेंबरमध्ये उतरणं. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे तुंबलेल्या वाहिनीत हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू जास्त तयार होतो. त्याचंच पुढे आम्ल बनून काँक्रीट भुसभुशीत होतं. हा वायू वाढला की आधी नाकाची संवेदनाच बधिर करतो. माणूस आत उतरवूच नका, काम यंत्राने करा. तरीही कुणी आत कोसळलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. त्याला दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा आणि श्वसनयंत्र असलेल्या बचावपथकाला बोलवा.